टकलाची रेघ

कारखान्याच्या फरशीवर मधोमध एक पिवळा पट्टा होता. तो कुठल्या नियमाने मारलेला नव्हता की कोणाच्या सुरक्षेसाठी नव्हता. तो धाकट्याने रागाच्या भरात मारला होता, आणि रंग ओला असतानाच तणतणत त्यावरून चालत गेल्यामुळे पट्ट्यापासून त्याच्या प्रेसपर्यंत त्याच्या बुटांचे पिवळे ठसे कायमचे उमटले होते. पट्ट्याच्या अलीकडे थोरलीचं पत्रे जोडायचं मशीन. पलीकडे धाकट्याचा पत्रे दाबून आकार द्यायचा प्रेस. आणि बरोबर पट्ट्यावर, दोन पाय इकडे नि दोन तिकडे, असं बाबांचं आखणीचं टेबल.

थोरली आणि धाकटा सख्खे बहीणभाऊ. एकाच घरातून, एकाच वेळी, एकाच रस्त्याने कामाला यायचे; फक्त ती रस्त्याच्या डाव्या कडेने आणि तो उजव्या. पट्टा मारल्यापासून दोघं एकमेकांशी अवाक्षर बोलत नव्हते. कारखाना मात्र एकच, त्यामुळे बोलणं तर भाग होतं. ते बाबांमार्फत चालायचं.

"बाबा, तिला सांगा, तेलाचा डबा दे म्हणून," असं धाकटा म्हणायचा, तेव्हा थोरली त्याच्यापासून इतक्या जवळ असायची की तो शिंकला तर हिने रुमाल काढावा. तरी ती हातातलं काम न सोडता थांबायची. बाबा टेबलावरून उठायचे, चार पावलं चालून यायचे, "तेलाचा डबा मागतोय," म्हणायचे, आणि मगच तिला ते ऐकू यायचं.

भांडणाचं मूळ ते मशीनच. कारखान्यात जागा एका मशीनपुरतीच उरलेली. धाकट्याला तिथे मोठा प्रेस हवा होता, थोरलीने हट्ट करून हे आणलं. बाबांनी आयुष्यभर चेहऱ्यावर काळी काच धरून ठिणग्या उडवत वेल्डिंग केलेलं, त्यामुळे त्यांना हे मशीन बघून वाईटच वाटलं. ह्यात ठिणगी नाही, झगमगाट नाही, धूर नाही. दोन पत्रे कडेला कडा भिडवून घट्ट आवळायचे. वरून एक जाडजूड दांडा गरगर फिरत खाली येतो, त्याचं टोक सांध्यात शिरतं आणि सांध्यावरून सावकाश पुढे जातं. घासून घासून धातू असा तापतो की वितळत नाही, पण मळलेल्या कणकेसारखा मऊ होतो, आणि ते टोक दोन्हीकडचा धातू एकमेकांत घुसळून टाकतं. म्हणून त्या दांड्याला कारखान्यात सगळे रवी म्हणत. सगळे म्हणजे तिघंच.

"ज्या जोडाने डोळे दिपत नाहीत तो जोड कसला?" असं बाबा म्हणायचे. "ही तर नुसती घुसळण."

पहिल्याच चाचणीत ह्या घुसळणीने नाक कापलं. थोरलीने तांबं आणि अॅल्युमिनियम जोडलं, धाकट्याने तो पत्रा प्रेसमध्ये घातला, आणि एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या देखत पत्रा सांध्यावर टर्रकन फाटला. धाकटा म्हणाला, जोड कच्चा. थोरली म्हणाली, दाब आडदांड, आणि नाचता येईना अंगण वाकडं. धाकटा म्हणाला, मग तुझं अंगण वेगळं आणि माझं वेगळं. आणि रंगाचा डबा आणायला गेला.

त्यानंतर थोरलीने ह्या दोन धातूंचे स्वभाव समजून घ्यायला जिवाचं रान केलं. तांबं हट्टी, लवकर ऐकत नाही. अॅल्युमिनियम हळवं, लगेच मऊ पडतं. रवी बरोबर मधून चालवली तर ताप वाढतो आणि दोघांच्या मध्ये एक कुरकुरीत थर धरतो. ताण आला की तोच आधी फुटतो. तेव्हा रवी चालवायची अॅल्युमिनियमच्या अंगात, आणि तांब्याला नुसतं घसटून न्यायचं. आता इथे कोणीतरी म्हणणारच की दोन वेगळ्या स्वभावांचा जोड म्हणजे संसारच की हो. बाबांच्या ओळखीचा एक माणूस दर भेटीत हेच म्हणायचा. त्याला आपण गोष्टीत घेतलेलं नाही.

तर अशात बँडमास्तरांच्या डोक्याचं काम आलं.

काम घेऊन आल्या त्या बँडमास्तरांच्या बायको. बाई सडसडीत, करारी, आणि शब्द मोजून टाकणाऱ्या. बँडमास्तर निवृत्त होत होते आणि वादनगृहाच्या दारात त्यांचं धातूचं डोकं बसवायचं होतं. चेहरा, नाक, मिशा ओतून तयार होत्या. त्यावर टोपीसारखी बसणारी कवटी हवी होती, आणि बाईंना ती जशीच्या तशी हवी होती.

"पुढे टक्कल, मागे केस," बाई म्हणाल्या. "टक्कल पांढरं चकचकीत. केस तांबूस, कारण ते केसांना तसलाच रंग लावतात. मध्ये खाच नको, फट नको, खिळा नको. आणि केस सुरू होतात ते बरोबर दोन्ही कानांच्या वर. तिथेच रेघ आली पाहिजे. खोटेपणा मला चालायचा नाही."

बँडमास्तर शेजारी उभे होते. त्यांची टोपी कानापर्यंत ओढलेली होती, आणि ते भिंतीवरचा पंखा फार लक्षपूर्वक बघत होते.

अॅल्युमिनियम पुढे, तांबं मागे, मध्ये सरळ सांधा, आणि मग दाबून गोल कवटी. असलं काम गावात दुसऱ्या कोणाला जमलंच नसतं. थोरलीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. बाबांनी ते लगेच उतरवलं.

"हे एक डोकं," ते दोघांच्या मध्ये, पट्ट्यावर उभे राहून म्हणाले. "गिऱ्हाईक खुशीने घेऊन गेलं, तर मशीन राहील. नाही नेलं, तर मशीन विकणारा ते परत न्यायला तयार आहे. त्या जागी मोठा प्रेस येईल. मग कोणी रडायचं नाही आणि कोणी पट्टे मारायचे नाहीत."

धाकटा काहीच बोलला नाही. थोरलीला वाटलं, बोलेल कशाला? त्याने नुसतं हातावर हात ठेवून बसायचं, प्रेस आपल्या पायांनी चालत येणार.

पत्र्याचे तीन जोड मागवले होते: एक कामासाठी, एक चुकीसाठी आणि एक चुकीवरच्या चुकीसाठी. त्याआधी थोरलीने एक लहान वाटी करून बघितली. धाकट्याने ती दाबली, आणि ती फाटली नाही! पण थोरलीच्या तीक्ष्ण नजरेला दुसरंच दिसलं. सांध्याची रेघ होती तिथे राहिली नव्हती. अॅल्युमिनियम मऊ, ते ताणलं गेलं. तांबं जागचं फारसं हललं नाही. आणि रेघ सरकत सरकत तांब्याकडे गेली होती. म्हणजे मोठ्या पत्र्यावर रेघ चांगली दोन बोटं मागे जाणार. म्हणजे बँडमास्तरांचं टक्कल प्रेसखाली वाढणार. धाकट्यानेही ती वाटी उजेडाकडे धरून फिरवून फिरवून बघितली आणि टेबलावर ठेवून दिली.

थोरलीने बाबांना बोलावलं. "त्याला सांगा, दाबताना रेघ मागे जाते. मी जोडतानाच सांधा दोन बोटं पुढे घेते. त्याने पत्रा होता तसा मधोमध ठेवावा आणि आपली अक्कल पाजळू नये."

बाबा पलीकडे गेले. बराच वेळ तिकडेच राहिले. धाकटा हातवारे करून काही बोलला, बाबांनी मान हलवली आणि परत आले.

"काय म्हणाला?" थोरलीने विचारलं.

"बरं म्हणाला," बाबा म्हणाले.

त्याच दुपारी थोरली नवी रवी आणायला बाहेर गेली होती. परत आली तर बँडमास्तर एकटेच बाबांच्या टेबलापाशी बसलेले, टोपी मांडीवर, मान खाली, आणि बाबा त्यांच्या डोक्यावर बोटं ठेवून काही मोजत होते. तिला बघताच बँडमास्तरांनी टोपी अशी झटकन घातली की कान आत दुमडला. माप घेत असतील, म्हणून तिने लक्ष दिलं नाही. लक्ष द्यायला हवं होतं.

बाबांनी पत्र्यावर रेघ आखून दिली. थोरलीने त्या रेघेच्या दोन बोटं पुढे सांधा धरला आणि डोळ्यांत तेल घालून रवी चालवली. अशी चालवली की मशीनचा आवाज जरा चढला तरी तिचा श्वास अडकायचा. सांधा झाला तो झक्क, हाताला लागू नये असा. मग पत्रा बाबांच्या टेबलावरून सीमापार गेला.

धाकट्याने पत्र्याला तेल लावलं, कडा गोल कड्याखाली आवळल्या आणि बराच वेळ वाकून काहीतरी खुटखुट केली. त्याची पाठ आडवी आल्यामुळे थोरलीला काही दिसेना. ती पट्ट्याला बुटाची टोकं टेकवून उभी राहिली. त्याच्या पुढे जायचं नाही म्हणजे नाही.

प्रेस खाली आला. पत्रा कण्हला. थोरलीने डोळे मिटले. टर्रकन आवाज येणार, आत्ता येणार, म्हणून ती थांबली, आणि आवाज आलाच नाही. डोळे उघडले तेव्हा धाकट्याच्या हातात एक गुळगुळीत, गोल, सबंध कवटी होती. बाबांनी ती घेतली आणि सांध्यावरून अंगठा फिरवला. परत फिरवला. सांधा कुठे आहे ते त्यांच्या अंगठ्याला कळेना, आणि त्यांच्या अंगठ्याला न कळलेला सांधा त्या कारखान्यात आजवर झाला नव्हता. थोरलीला इतका आनंद झाला की ती चक्क धाकट्याकडे बघून हसणार होती.

मग त्यांनी कवटी ओतीव चेहऱ्यावर बसवली.

केस भुवयांपासून सुरू होत होते. कपाळ नावाची गोष्ट उरलीच नव्हती. तांब्याच्या त्या झिपऱ्यांखालून बँडमास्तर असे बघत होते की कोणी त्यांच्या डोक्यावर पातेलं पालथं घातलंय आणि ते सभ्यपणे गप्प बसलेत. बाबांनी छताकडे बघितलं. धाकटा कानापर्यंत लाल झाला. आणि थोरलीची नजर प्रेसवर गेली.

साच्याच्या कडेला खडूची ताजी खूण होती. मधल्या खुणेच्या बरोबर दोन बोटं पुढे. म्हणजे त्याने पत्रा मुद्दाम सरकवून धरला होता! एवढं सांगून, बजावून, त्याच्याकडून ‘बरं’ म्हणवून घेऊनसुद्धा! का ते कळायला काही ज्योतिषी नको होता. मोठा प्रेस हवा होता ना साहेबांना. सख्ख्या भावाने केसाने गळा कापला होता, आणि तोही तांब्याच्या.

ती ओरडली नाही. त्यासाठी त्याच्याशी बोलावं लागलं असतं. दुसरा जोड मशीनवर चढवताना तिने मनातल्या मनात एक डाव रचला, आणि तो तिला फार आवडला. तो पत्रा पुन्हा पुढे सरकवणार, हे नक्की. मग आपण सांधा मुळी पुढे घ्यायचाच नाही! बरोबर बाबांच्या रेघेवर जोडायचं. रेघ दोन बोटं मागे जाईल, त्याची लबाडी तिला दोन बोटं पुढे आणेल, आणि त्याच्या नाकावर टिच्चून त्याच्याच हाताने डोकं नीट होईल.

"बाबा, त्याला सांगा, मी आता रेघेवरच जोडते," ती गोड आवाजात म्हणाली. "पुढे काय करायचं ते त्याचं त्याने बघावं."

बाबा जाऊन आले. "बरं म्हणाला."

दुसरी कवटी दाबली जात असतानाच बाई दारात उभ्या राहिल्या. मागे बँडमास्तर, टोपीसह. बाबांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. धाकट्याने कवटी बाहेर काढली, चेहऱ्यावर ठेवली आणि स्वतःच एक पाऊल मागे सरकला.

ह्या वेळी केसच नव्हते म्हटलं तरी चालेल. नव्याने आलेलं टक्कल कपाळावरून निघून, टाळू ओलांडून, पार मागच्या उतारावर जाऊन थांबलं होतं. कानांमागे तेवढी तांब्याची एक झालर उरली होती.

"हे काय?" बाई म्हणाल्या. "असं टक्कल ह्यांना अजून दहा वर्षांनी पडायचंय."

"दहा?" बँडमास्तर क्षीण आवाजात म्हणाले.

मग बाईंना खिडकीत ठेवलेली पहिली कवटी दिसली. त्यांनी ती उचलली, दुसरीच्या शेजारी धरली, आणि एकदा ह्या कवटीकडे, एकदा त्या कवटीकडे बघत राहिल्या. बँडमास्तर मात्र पहिल्या कवटीला पाघळले होते. "ह्यात काहीतरी आहे हं," असं ते पुटपुटले, आणि बाईंनी मान वळवताच गप्प झाले.

"इकडे झिपऱ्या, तिकडे वाळवंट," बाई म्हणाल्या. "काय हो, तुम्ही लोक एकमेकांशी बोलत नाही का?"

"बोलतो की," थोरली म्हणाली.

"रोज बोलतो," धाकटा म्हणाला.

"बाबांमार्फत," दोघं एकदमच म्हणाले.

आणि मग त्या दोघांनी, बाईंनी आणि बँडमास्तरांनी बाबांकडे बघितलं. बाबा आखणीची पट्टी पुसत होते. स्वच्छ पट्टी पुसत होते.

"बाबा," थोरलीने विचारलं, "मी सांगितलेलं त्याला सांगितलंत ना? रेघ मागे जाते, मी सांधा पुढे घेते, तू पत्रा हलवू नकोस?"

"मला?" धाकटा ओरडला. पट्टा मारल्यापासून तो तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द. "मला म्हणाले, ताई म्हणते सगळं ठीक आहे! मीच निरोप धाडला होता, रेघ मागे जाते, मी पत्रा पुढे धरतो, तू जोडाला हात लावू नकोस!"

"मला म्हणाले, बरं म्हणाला!"

बाबांनी पट्टी खाली ठेवली. "तुमचे निरोप निरोप असतात का?" ते चिडून म्हणाले. चोरी पकडली गेली की माणूस आधी चिडतो. "ती म्हणते, त्याला सांगा अक्कल पाजळू नको. तो म्हणतो, तिला सांगा शहाणपणा शिकवू नको. आणि मी हे इकडून तिकडे वाहून न्यायचं? पहिले काही दिवस नेलं. रात्री जेवण जाईना मला. मग म्हटलं, मरू दे. कोणी काहीही म्हणालं तरी ‘बरं म्हणाला’, ‘बरं म्हणाली’. घरात किती शांतता होती बघा."

"म्हणजे पहिल्या डोक्याला दोन बोटं मी पुढे घेतली," थोरली म्हणाली, "आणि दोन तू. दोन बोटं रेघ मागे गेली. तरी भुवयांपर्यंत कशी आली?"

बाबा खोकले. बँडमास्तरांनी पंख्याकडे बघायला सुरुवात केली.

"आखतानाच दोन बोटं पुढे आखली होती," बाबा हळूच म्हणाले. "ह्यांनी येऊन फार गळ घातली. जन्माचं डोकं आहे म्हणाले. मलाही टक्कल आहे, मला दया आली. मग ते माकडतोंड बघून वाटलं, माझ्याच दोन बोटांनी घात केला. म्हणून दुसऱ्या वेळी खरी रेघ आखली."

"आणि मला वाटलं, ताई काही ऐकत नाही, ती परत पुढेच जोडणार," धाकटा म्हणाला. "म्हणून मी पत्रा मधोमध ठेवला."

थोरलीला तिचा गोड डाव आठवला. तो तिने कोणाला सांगितला नाही, पण कान तापले. तो लबाडी करत नव्हता. तो तिचं डोकं, म्हणजे बँडमास्तरांचं डोकं, वाचवायला बघत होता, आणि तिने त्याला गळेकापू ठरवून टाकलं होतं.

बाई मात्र नवऱ्याकडे वळल्या होत्या. "दोन बोटं?"

"दोनच," बँडमास्तर म्हणाले.

"मला सांगायचं."

"तू खोटेपणा चालणार नाही म्हणालीस."

बाईंनी एक स्टूल ओढलं, आणि बरोबर पिवळ्या पट्ट्यावर ठेवून त्यावर बसल्या. "तिसरा पत्रा आहे ना? करा. माझ्यासमोर करा. आणि तोंडाने बोलून करा."

शेवटचा जोड मशीनवर चढला. हा गेला की मशीन गेलं. बाबांनी खरी रेघ आखली, आणि ती खरीच आहे ना हे सगळ्यांनी वाकून बघितलं. मग धाकट्याने पट्ट्याशी जरा घुटमळून, पाण्यात पाय घालावा तसा बूट अलीकडे टाकला आणि तो तिच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"तू सांधा पुढे घे," तो म्हणाला. "मी पत्रा मधोमध धरतो. शपथ."

"दोन बोटं पुढे."

"दोन बोटं."

तिने रेघेपुढे आपली दोन बोटं ठेवली आणि खूण करायला गेली.

"ही बोटं?" धाकटा म्हणाला. "ह्या काड्या आहेत. दोन बोटं म्हणजे ही." त्याने आपला पंजा मध्ये ठेवला. प्रेसवर काम करून करून त्याची दोन बोटं तिच्या तीन बोटांना भारी होती.

तेव्हा कुठे सगळ्यांच्या ध्यानात आलं की इतके दिवस ज्या दोन बोटांवरून हे रामायण चाललं होतं, ती दोन बोटं प्रत्येकाची वेगळी होती. मग जी जुंपली! थोरली म्हणाली, जोडणार मी, तर बोटं माझी. धाकटा म्हणाला, दाबणार मी, रेघ सरकते ती माझ्या प्रेसमध्ये. बाबा म्हणाले, आखणी माझी. बँडमास्तरांनी सगळ्यांत जाड असा आपला हात पुढे केला आणि बाईंनी तो मागे केला. तो मेला धाकटा एवढे महिने गप्प राहिला होता ते सगळं भरून काढत होता. लहानपणी तिने त्याची पतंगाची दोरी तोडली होती ते त्याने उकरून काढलं. तिने त्याच्या बुटांच्या पिवळ्या ठशांचा विषय काढला. पण मध्ये मध्ये कामाचंही निघत होतं: लहान वाटीत रेघ किती गेली होती, कड्याखाली पत्रा किती आवळायचा, तेल कुठे कमी लावलं की अॅल्युमिनियम कमी ताणेल. हे सगळं दोघांना माहीत होतं. निम्मं हिला, निम्मं त्याला.

"एक बोट तिचं, एक त्याचं," शेवटी बाई म्हणाल्या. "आणि आता पुरे."

थोरलीचं एक, धाकट्याचं एक, अशी बोटं शेजारी शेजारी टेकवून खूण झाली. रवी फिरली. ती पुढे सरकत असताना धाकटा वाकून बघत होता आणि दर थोड्या वेळाने, "ताई, तापतंय का?" विचारत होता. ती दर वेळी, "मला कळतं," म्हणत होती. मग पत्रा पलीकडे गेला आणि पाठोपाठ थोरलीही गेली, पिवळ्या पावलांवरून चालत. तिने स्वतः वाकून बघितलं, पत्रा मधोमध आहे का. होता.

"सावकाश," ती म्हणाली.

"मला कळतं," धाकटा म्हणाला.

प्रेस खाली आला. पत्रा कण्हला, थांबला, परत कण्हला. धाकट्याने कवटी काढली ती सबंध होती, आणि चेहऱ्यावर बसवली तेव्हा खाली जो माणूस दिसला तो बँडमास्तर होता. पुढे चकचकीत टक्कल, मागे तांबूस केस, आणि रेघ जवळजवळ कानांच्या वर. अगदी जवळजवळ.

बाईंनी आपलं बोट काढून लावलं. "अर्धं बोट पुढे आहे."

खोटेपणा चालायचा नाही, असं बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि चौथा पत्रा नव्हता. तिने मशीनकडे बघितलं. रवी अजून गरम असणार. धाकटा तोंड उघडून, "चूक माझ्या बोटाची आहे, माझंच जाड आहे," असं म्हणायला लागला.

बाईंनी हात वर करून त्याला थांबवलं. त्यांनी धातूच्या डोक्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. मग उठून त्याच्या डोक्यावरची टोपी काढली, केसांवरून हात फिरवला आणि टोपी आपल्या पिशवीत टाकली.

"असू दे," त्या म्हणाल्या. "अर्धं बोट माझ्याकडून."

बँडमास्तरांनी डोकं छातीशी धरलं आणि दारातून बाहेर पडेपर्यंत कोणालाही हात लावू दिला नाही. भुवयांपर्यंत केस येणारी पहिली कवटीही त्यांनी बायकोची पाठ वळताच मागून घेतली. बाबा त्यांना पोचवायला रस्त्यापर्यंत गेले आणि तिथेच दोन टकलं उन्हात चमकत बोलत उभी राहिली. गिऱ्हाईक खुशीने घेऊन गेलं होतं. मशीन राहिलं होतं.

जेवायची वेळ टळून गेली होती. थोरली आपल्या स्टुलावर डबा उघडून बसली, धाकटा पलीकडे आपल्या. इतके महिने ते पाठीला पाठ लावून जेवायचे. आज तोंडं समोरासमोर होती, आणि त्यामुळे दोघांनाही कुठे बघावं कळत नव्हतं.

"काय रे," थोरली म्हणाली. "पहिल्या वेळी तू काहीच केलं नसतंस तर?"

"तर काय?"

"माझं मी बघितलं असतं, चुकलं असतं तर माझं चुकलं असतं. तुला कोणी बोल लावला नसता. मोठा प्रेस आयता मिळाला असता. मग सरकवलास कशाला पत्रा?"

धाकटा बराच वेळ घास चावत राहिला. एवढं चावण्यासारखं त्याच्या डब्यात काही नव्हतं.

"प्रेस आला असता," तो म्हणाला. "चांगला आला असता, मोठा. पण त्याच्याशी अबोला धरला असता तर त्याला कळलंसुद्धा नसतं."

थोरलीला एकदम हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडूही आलं, म्हणून तिने दोन्ही गिळलं. डबा उचलून ती पट्टा ओलांडून गेली आणि त्याच्या शेजारी, अर्ध्या स्टुलावर, त्याला कोपराने ढकलून बसली. तेवढ्यात बाबा आत आले. रिकाम्या स्टुलाकडे आणि भरलेल्या स्टुलाकडे बघून दारातच थांबले.

"काय गं," त्यांनी विचारलं, "काय म्हणाला तो?"

"बरं म्हणाला," थोरली म्हणाली.